खटका

ऑर्विन टीग गेला. मोहावीच्या वाळवंटात,
स्वतःच्या बिछान्यात, पहाटे,
चष्मा उशाशी काढून ठेवून.
त्याच्या धंद्यातल्या माणसांना
असं मरण क्वचितच लाभतं.

हँगरमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्यात.
वारा पत्र्यावर धडका देतोय.
बाहेर रांगेनं निवृत्त विमानं,
इंजिनं काढलेली, खिडक्यांना चंदेरी कागद.
पाद्री म्हणतो, तो ताऱ्यांत मिसळला.
मागून नेवा पुटपुटते, "कसले तारे!
शंभर किलोमीटर वर गेला होता.
इथून लॉस एंजेलिस त्याहून लांब आहे."

त्या दिवशी पट्टे मीच आवळले होते.
खांद्याचे, कमरेचा, पुन्हा खांद्याचे.
यानाला अजून राळेचा वास.
अकरा माणसांनी उधारीवर बांधलेलं,
सरकारचा एक छदाम नसलेलं यान.
तो म्हणाला, "ईडा, माझं सँडविच झाकून ठेव,
मुंग्या लागतील."
कोपऱ्यावर पत्र टाकायला निघावं, तसा.

मोठ्या विमानानं पोटाशी धरून वर नेलं
आणि सोडून दिलं.

ध्वनिफीत अजून आहे.
इंजिन पेटतं, श्वास जड होतो,
यान गिरक्या घेऊ लागतं,
मोजता मोजता आमची बोटं संपली.
मग इंजिन विझतं.
भर सकाळी काळं आकाश,
खाली पृथ्वीची वळलेली कड,
सगळं समोर असणार त्याच्या.
फितीवर एवढंच:
"डावीकडचा खटका सैल आहे. लिहून घ्या."

कसं वाटलं, कसं वाटलं,
पत्रकार वर्षानुवर्षं विचारत राहिले.
तो त्यांना परसातल्या डाळिंबाबद्दल सांगायचा.

मला एकदाच बोलला, गाडीचं तेल बदलताना,
गाडीखालूनच:
"वर सगळं तरंगत होतं.
पेन्सिलीचा तुकडा, धूळ,
तुझ्या केसांतली पिन.
वाकली होतीस ना, तेव्हा पडली असेल.
डोळ्यांसमोरून सावकाश गेली.
बघतच राहिलो तिच्याकडे.
मग आठवलं, अरे, खिडकीपण आहे."

अहवालात खटका आहे. पान चौथं.
पिन नाही.
दांड्याच्या खाचेत अडकली असती
तर या खुर्च्या बावीस वर्षं आधीच मांडल्या असत्या.
त्याला ते कळत होतं.
मला, गाडीशेजारी उभी असताना, कळलं.
मी पाना पुढे केला.
त्यानं घेतला.

आता माझ्या केसांत पिन टिकतसुद्धा नाही.
तरी हँगरच्या दारात
हात डोक्याकडे जातो
आणि मी मोजते.