मिठासाठी हललेली मान

दोनशे बारा तास आहेत माझ्याकडे,
तीन हार्ड डिस्कांत, पावाच्या पिशवीत गुंडाळलेले.
वाहिनीला हवी आहेत बावन्न मिनिटं.
त्रेपन्न नाहीत.

त्बिलिसीतल्या या खोलीच्या खाली भट्टी आहे.
पहाटे चारला गुराम भट्टीच्या पोटात कणीक थापतो
आणि माझा प्रत्येक कट त्या थापेवर पडायला लागतो.
सकाळी बघते तर
सगळा सिनेमाच पाव भाजत बसलेला.

ओतारने चार वर्षं टिपला खाणीच्या गावातला जुना रोपवे
आणि त्याच्या पाळण्याचं दार सांभाळणारी त्सियाला.
दार उघड, माणसं घे, दार लाव, घंटा दे.
त्याला प्रत्येक शॉटमागची थंडी आठवते,
कुठल्या खडकावर बसून बोटं बधिर झाली तेही.
मला थंडी दिसत नाही.
चौकटीत असेल तेवढंच दिसतं.
यावरून आम्ही कडाकडा भांडतो,
मग तो खाली जाऊन गरम पाव आणतो, आम्ही तोडून खातो.
तोडण्याबद्दल तेव्हा
त्याची काही तक्रार नसते.

शांतता गोळा करून ठेवावी लागते, हे लोकांना खोटं वाटतं.
रोपवेच्या खोलीतली वेगळी, तिच्यात हीटर कण्हतो.
त्सियालाच्या स्वयंपाकघरातली वेगळी,
तिच्यात मागे पडणारं एक घड्याळ आहे.
सांध्यासांध्यांत मी ती लिंपते,
इथे वाक्य मोडलं होतं हे कळू नये म्हणून.

नवव्या मसुद्यात एक जागा अडली.
ओतार विचारतो, "रोपवे बंद झाला, बरं झालं का?"
त्सियाला बघत राहते.
एकोणीस सेकंद. उत्तर नाही.
महिनाभर मी ते एकोणीस सेकंद उलटेसुलटे केले,
शेवटी भलत्याच एका दिवसातून
तिची होकाराची मान उचलली, जरा हललेली,
आणि इथे आणून बसवली.
चपखल बसली. टाका दिसेना.
ज्यांना दाखवलं ते नेमके त्या मानेपाशी गहिवरले,
एका बाईंनी तर नाक शिंकरलं.

मार्चमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो.
लॅपटॉप अक्रोडाच्या बरणीला टेकवला.
त्सियालाने चष्मा पुसला,
स्वतःचं खोकणं पाहून हसली,
मग त्या जागी म्हणाली, "थांबव.
हा रुमाल त्या दिवशीचा नाही.
त्या दिवशी डोक्याला निळा होता. हा करडा."
वाकून पाहिलं, आणखी वाकून.
"हां. एतेरीने विचारलेलं, घरात मीठ आहे का.
मी म्हटलं, आहे."

मी मान खाली घातली.
ती म्हणाली, "राहू दे की. चेहरा बरा दिसतोय,"
आणि चहा ठेवायला उठली.

रागावली असती तर सोपं गेलं असतं.
परतीच्या गाडीत ओतार घोरत होता,
मी वळणावळणाला मोजत होते:
कुणाचा होकार, कुणाचा चेहरा, कुणाची कात्री.

आता दहावा मसुदा.
मान मिठापाशी परत नेऊन ठेवली आहे.
एतेरी दारात, हातात रिकामी वाटी,
प्रश्न, मान, बरणीचं झाकण.
आणि त्या दुसऱ्या प्रश्नानंतर
निळा रुमाल, मागे पडणारं घड्याळ,
नुसतं बघणं, अख्खंच्या अख्खं.
त्याच्या बदल्यात बर्फातून एकटाच जाणारा पाळणा गेला,
बेचाळीस सेकंद,
ओतारचा जीव की प्राण.
त्याला अजून सांगितलेलं नाही.

खाली थापा सुरू झाल्या आहेत.
जिन्यावर बूट वाजतायत, पावाचा वास पुढे.
मी पुन्हा एकदा लावून बघते:
वाटी भरते, एतेरी निघून जाते,
आणि त्सियाला
दार लावायला विसरते.