इळा

शुगर निंघाली दोनशे ऐंशी.
दारव्ह्याचा डॉक्टर म्हने, रोज तासभर चालाचं.
मी म्हतलं, साहेब, अंगनवाडीतून घरी
चालतच येते मी, डोक्यावर पोषन आहाराचं पोतं.
तो म्हने, तसं नाई. कामाशिवाय.

कामाशिवाय!
आमच्या गावात कामाशिवाय कुत्रे चालते,
नाई तं सरपंचाचा मेव्हना.

पहिल्या दिवशी पुलापावतर जायेलोक
अकरा जनाईनं पुसलं, कुठी वं बेबीनंदा?
दवाखान्यात कोनी हाय का?
भांडून निंघाली का?
मी वापस फिरली.
दुसऱ्या दिवशी हातात इळा घेतला.
मंग कोनी पुसलं नाई.
इळा असला का बाईले रस्ता पुसत नाई.

त्याच रस्त्यावर पोट्टे पहाटे चारलेच पळते.
डांबरावर चुन्याच्या रेघा. शंभर, चारशे, सोळाशे.
आचल मेश्राम पळते,
मांगून तिचा भाऊ मोटरसायकलचा लाइट धरते.
तिची सावली तिच्यापुढं,
ते सावलीले काही सापडत नाई.
त्याईले कोनी म्हनत नाई, कुठी?
सगळ्याईले मालूम हाय, भरतीत.
वय निंघून गेलं का पळनं सरलं.
उमेश दोन मार्कानं राह्यला.
आता पानठेल्यावर बसते, पोट पुढं आलं,
पाय मातर बाकाखाली अजून हालत रायते.

मारुतीच्या मांगं आमदार निधीतून यंत्रं आले,
हिरवे-पिवळे, वर फोटोचा बोर्ड.
एकाले वामनबुढ्याची कालवड बांधली रायते,
दुसऱ्यावर गोधड्या वाळते.
उन्हात तापलेलं लोखंड, त्यावर लवकर वाळते
हेही खरं.

मंग बँकेत नवी मॅडम आली, मिझोरमची.
पुरं नाव कोनाले जमलं नाई, रेमी मॅडम म्हनत.
ते पळे संध्याकाळी, भर उजेडात,
कानात वायर, गुडघ्यावर पॅन्ट.
पारावरून पुसलं, मॅडम, कौनसी भरती?
ते म्हने, नहीं, बस ऐसे ही. अच्छा लगता है.
पार दोन दिवस गप्प होता.

तुळसाबाई दिवसभराचं निंदन करून येये,
कमरीवर हात ठेवून पाहे तिले.
म्हने, संध्याकाळी एवढी ताकद उरते का वं?
रागानं नाई म्हने.
खरंच पुसे.

एक दिवस मॅडमनं मलेच थांबवलं.
दम खात म्हने, ये रोज दिखता है,
घास कभी नहीं दिखता.
मी हासली. काय सांगाव?
पन मनाले लागलं ते.
दुसऱ्या दिवसापासून धुऱ्यावरचं गवत कापू लागली.
गवत घरी आलं, त्याचं करता काय?
म्हनून एक बकरी घेतली.
मले शुगर झाली म्हनून ते आमच्या घरी हाय,
हे बकरीले मालूम नाई.
शुगर एकशे साठवर आली.
डॉक्टर म्हने, चालन्यानं.
सासू म्हने, बकरीच्या दुधानं.
मी दोघाईले हो म्हतलं.

मॅडमची बदली झाली, कुठी गेली कोनास ठाऊक.
रस्त्यावर संध्याकाळी आता
तुरीच्या गाड्या तेवढ्या.

परवा मी इळा खुंटीलेच राहू देल्ला.
नुसती निंघाली.
हात कुठी ठेवाचे, समजेना.
एक पदरात लपवला, दुसरा उगाच उरला.
मंग दोन्ही सोडून देल्ले,
तं ते आपोआप मांगं-पुढं होऊ लागले,
जत्रेत आलेल्या पोरीईवानी.

पुलापासी वामनबुढा बसला होता.
कुठी वं?
म्हतलं, कुठीच नाई. बरं वाटते.

त्यानं लय वेळ पाह्यलं माह्या हाताकडे.
मंग म्हने,
इळा विसरली तू.