एकाच टाकीतलं

मिश्कोल्ट्सच्या कारखान्यात बावीस वर्षं
पिरोश्कानं बाटल्यांना बुचं लावली.
टाकी एक, नळ एक.
सकाळी निळं लेबल,
जेवणाची सुट्टी संपली की पांढरं.
मधे कुणी नळ पुसलासुद्धा नाही, असं ती सांगते
आणि ‘सुद्धा’वर टेबलाला बोट मारते.

सून म्हणून माझं पहिलंच वर्ष,
काकड्या मुरवायला मी निळं व्हिनेगर आणलं.
तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली,
जुन्या ओळखीचं माणूस दिसावं तशी न्याहाळली,
म्हणाली, ‘ही जेवणाआधीची.’
दुप्पट पैसे मोजले होते मी.
त्याबद्दल ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून बाजार तिच्याकडे.
मीठ असं, की पिशवीवर फक्त ‘मीठ’.
खायचा सोडा, काड्यापेट्या,
आणि ब्लीच, जे कुठल्याही झाकणाखालून
सारखंच डोळ्यांत जातं.
औषधाच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून:
‘गोळीत काय आहे ते सांग, पोरी.
खोक्यावर कोण हसतंय ते नको.’
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात.
तिच्या फडताळात सगळ्या नावडत्याच,
आणि अळणी काही नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांचं मात्र फसलं.
तिसऱ्या मजल्यावरून उतरताना एक फाटली,
कोबीची पानं, अंड्यांची टरफलं, कॉफीचा चोथा
थेट एटेल्काबाईंच्या पायपुसण्यापर्यंत.
गुडघ्यावर बसून गोळा करताना म्हणाली,
‘पिशव्या आमच्याकडे बनत नव्हत्या.’

आणि देझो. माझे सासरे.
त्यांना निळंच लागायचं.
घेवड्याच्या सूपवर चमचाभर ओतायचे,
जीभ टाळ्याला लावायचे, ‘याला म्हणतात व्हिनेगर.’
निळी बाटली एकच होती, एकोणीस वर्षं.
दर रविवारी, ते चर्चला गेले की,
ती फनेल लावून पांढरीतून भरायची.
लेबल अंगठ्याच्या जागी पार झिजलेलं.
जगाला पटवत फिरणारी ही बाई
त्यांच्यासमोर मान डोलवायची, ‘हो, फरक आहे.’

ते गेले त्या वर्षी, एक नोव्हेंबरला,
आम्ही टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो.
मी फाटकाशी दिवा घेतला, लाल काचेचा, सोनेरी झाकणाचा,
वर छापलेलं: बहात्तर तास.
तिनं पिशवीतून सुपरमार्केटचा काढला,
प्लास्टिकचा, पाकिटात चार येतात त्यातला.
एकाच काडीनं दोन्ही पेटवले.
‘बघूच,’ म्हणाली,
आणि घडीचं स्टूल उघडून बसली,
मनगटावर देझोंचं ढगळ घड्याळ.

अंधार पडला. टेकडीभर दिवेच दिवे,
कुठला कितीचा, खालून काही कळेना.
थर्मासातला चहा संपला.
ती दिव्यांकडे कमी, दगडाकडेच जास्त बघत होती.
एकदा ओठ हलले, मला वाटलं आकडे मोजतेय.
शेवटची बस सहा चाळीसची.
मी काखेत हात घालून तिला उठवलं,
तेव्हा दोन्ही जळत होते.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन आली.
बूट काढले, ओले मोजे हीटरवर टाकले.
‘मग? कुठला टिकला?’
‘वारा होता,’ म्हणाली.
पाकिटातले उरलेले तीन दिवे
मिठाच्या पिशवीशेजारी रचले.
‘पुढच्या वर्षी लाल आणू नकोस. उगाच पैसे.’
फडताळाचं दार लावलं,
लावलेलं पुन्हा उघडलं, निळी बाटली जरा मागे सारली.
‘आण. एक आण.’