परिशिष्टात नाक नाही

पान चौदा, तक्ता क.
एक हात, मनगटापासून : साठ टक्के.
अंगठा : पंचवीस. तर्जनी : दहा.
पायाची करंगळीसुद्धा आहे त्यात,
एक टक्का लावून जपलेली.
मी तक्ता दोनदा वरून खाली वाचला,
मग खालून वर,
वाळपईच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून.
नाक नाही.

रोहिदास माजिक, वय सत्तेचाळीस.
व्यवसाय : हे मीच लिहिलेलं, माझ्या अक्षरात,
'कामगार, बॉटलिंग युनिट, पिसुर्ले'.
फॉर्मवरची चौकट एवढीशी.
तिच्यात कसं मावणार होतं, की हा माणूस
फेणीचं पिंप उघडलं की तीन हातांवरून सांगायचा
बोंडं आपणहून पडलेली की ओढून पाडलेली,
भाण तांब्याचं की मातीचं,
आणि खालची लाकडं ओली होती का, तेही.
पगार नाकाचा होता.
हात काय, सगळ्यांनाच असतात.

ऑक्टोबरात ताप आला, पाच दिवस.
सहाव्या दिवशी सुलक्षाने चुलीत सुके बांगडे भाजले
आणि शेजारी बसलेला हा विचारतो,
आज जेवण नाही का?

पहिले तीस दिवस धरत नाहीत, मी सांगितलं.
मग पगाराचे पंचाहत्तर टक्के. पगार म्हणजे मूळ पगार,
ओव्हरटाइम नाही, हंगामाचा बोनस नाही,
मालक खूश होऊन हातात कोंबायचा ते पाकीट तर नाहीच.
जास्तीत जास्त बावन्न आठवडे.

हे विकताना सांगितलं होतं का?
होतं.
पण बसमधून उतरता उतरता बोलतात तसं.
मोठ्याने म्हटलं होतं ते वाक्य एकच :
काम बंद पडलं तरी घर बंद पडायचं नाही.
पणजीच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेलं वाक्य,
समोसा, चहा आणि वहीबरोबर.

'आजारामुळे कोणतेही काम करण्यास असमर्थ.'
यातला 'कोणतेही' मी वाचला नव्हता.
म्हणजे, वाचला होता.
थांबले नव्हते त्याच्यापाशी.

जानेवारीत कंपनीचा माणूस आला, म्हापशाहून, मोटरसायकलवर.
भला माणूस. चप्पल बाहेर काढली, पाणी मागून घेतलं.
आणि रोहिदासने त्याला करून दाखवलं,
मी मागून डोळ्यांनी नको नको म्हणत असताना :
बाटली हलवायची, उजेडाकडे धरायची,
काचेच्या कडेला मोती चढतात ते बघायचे,
किती, केवढे, किती वेळ टिकतात.
दोन महिने शिकत होता, रात्री, बल्बखाली,
मालकाने परत घ्यावं म्हणून.
"अठरा ग्राव," म्हणाला.
मीटर घातला. अठराच.
पाहुण्याने खरोखर टाळी वाजवली,
आणि मग मांडीवर कागद ठेवून लिहिलं :
काम करण्यास समर्थ.

मालकाने घेतलं नाही.
मोती मोजायला त्याच्याकडे मीटर आहे,
साडेचारशे रुपयांचा.

त्या पॉलिसीच्या कमिशनमधून मी मिक्सर घेतला होता.
अजून चालतो.
माझा स्वतःचा असला विमा नाही.
कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही.

आता मार्च. नूतनीकरणाची नोटीस द्यायला गेले
तर वाटेत नाणूसपासूनच बसच्या खिडकीतून आत यायला लागला,
सगळी सत्तरी पिळून काढल्यासारखा.
रोहिदास दारातच होता. नोटीस त्याने न बघताच
खाटेखाली सरकवली.
"भाटी पेटल्या मगो, बाय?"
पेटल्या.
"कसो येता वास?"
आंबट, मी म्हणाले. थोडा गोडसर.
तो थांबून राहिला.
धुराचा पण, मी म्हणाले.
"बोंडं पडलेली काय ओढलेली?"

मला कळेना.
पिशवी खाली ठेवली
आणि त्याच्या दाराशी उभी राहून
पुन्हा एकदा श्वास ओढला.