दर चार तासांनी

ओइवा हुत्तुनेन, वय एकाहत्तर,
वर्काउसच्या कालव्यावर बत्तीस वर्षं
जलद्वारांचा राखणदार.
लाकडं फोडताना मानेमागे
कुणी घण घातला असं वाटलं, म्हणाला,
मग जेवलेलं सगळं बर्फावर.

धमनीचा फुगा डॉक्टरांनी चिमटून बंद केला.
सांडलेलं रक्त मात्र मेंदूभोवती तसंच,
आणि रक्त घराबाहेर पडलं की
घरालाच चावतं.

आज सहावी रात्र.
दोन वाजता मी त्याला उठवते:
दोन पिवळ्या गोळ्या, अर्धा पेला पाणी,
दंडाला रक्तदाबाचा पट्टा.
"आत्ताच तर डोळा लागला होता, तुइरे."
ठाऊक आहे. पंधरा रात्री अजून असंच.

कशाला, विचारतो. सांगते
मला कळतं तेवढं:
धमनीच्या भिंतीत स्नायू असतो,
त्याच्या पेशीपेशीला हजारो दारं,
इतकी अरुंद की कॅल्शियमचा
एकेक कणच तेवढा आत शिरेल.
तोच, हाडांतला, दुधातला,
भिंतीला फासतात त्या चुन्यातला.
तो आत आला की स्नायू मूठ वळतो.
सांडलेल्या रक्तानं दारं भांबावलीत,
मिटायचंच विसरलीत.
मूठ सुटत नाही,
पलीकडचा मेंदू तहानेला.

बराच वेळ तो छताकडे बघतो.
"म्हणजे गोळी दार लावून घेते."
हो.
"आणि दार लागलं की वाट मोकळी."
हो.
"मग यात नवल काय?
खालचं दार लागल्याशिवाय
वरची नाव कधी आत घेता आली आहे?"

पडद्यावर त्याचं हृदय चाललंय.
तिथेही तीच दारं.
तिथे उघडली नाहीत तर ठोकाच नाही.
ही गोळी तिकडे फारशी फिरकत नाही म्हणतात.
म्हणतात;
म्हणूनच हा पट्टा.
एकशे अठ्ठावीस होता, एकशे नऊ झाला.
लिहून ठेवते.

सहाला चार मिनिटं कमी.
नाव? ओइवा.
महिना? मार्च, आणि अजून हा बर्फ.
बायकोचं नाव? सिर्का, आणि तिला सांगू नकोस
मी विचार करून सांगितलं ते.
आता डोळे मीट,
दोन्ही हात समोर धर, तळवे वर.

डावा स्थिर.
उजवा बोटभर खाली येतो.
पुन्हा धर, म्हणते.
पुन्हा येतो.

"हे दार आज जड चालतंय," तो म्हणतो,
डोळे मिटलेलेच.

त्याचा हात माझ्या एका हातात,
दुसऱ्या हातानं मी फोन उचलते.