पेटी क्रमांक सतरा

वरळी. बोअरहोल नऊ. खोली एकतीस मीटर.
पेटीत दगडाच्या दांड्या ओळीने निजलेल्या,
मनगटापेक्षा जरा जाड.
मी ओल्या फडक्याने पुसते, मग लिहिते:
काळा बसाल्ट, घट्ट, भेगा कमी.
पुन्हा काळा बसाल्ट. पुन्हा.
बोगदा इथून जायचाय, म्हणून दगडाची एवढी विचारपूस.

काल भैरवीच्या वहीत प्रश्न होता:
एका लहान बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला.
कारणे सांगा. परिणाम लिहा. पाच गुण.
राख, लाव्हा, लोक बेघर, एवढं लिहून
ती पेन्सिल चावत राहिली.
आई, तू कधी बघितलायस का गं ज्वालामुखी?
म्हटलं, रोज फडक्याने पुसते.
तिला वाटलं, मी टाळतेय.

बत्तीस मीटरला रंग बदलतो.
दोन लाव्ह्यांच्या मधोमध हातभर गाळ,
करडा, वहीच्या पानांसारखा सुटणारा.
म्हणजे मधे विस्तव थांबला होता.
किती काळ? माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.
तळं साचेल इतका,
आणि तळ्यातल्यांना भरवसा वाटेल इतका.
भिंगाखाली एक बेडूक,
अंगठ्याच्या पेराएवढा, मागचे पाय दुमडलेले,
उडीच्या बेतात राहून गेलेला.
साहेब म्हणाले, वा! फोटो काढून ठेव.
आणि तक्त्यात लिही, थर कमकुवत.

माझे बाबा, तिमण्णा धोत्रे, कुर्ल्याच्या खाणीत होते.
घण उचलायच्या आधी
दगडावर तांब्याभर पाणी ओतायचे
आणि पाणी कुठून आत शिरतं ते बघत बसायचे.
दगड जिथून निवला तिथूनच फुटतो, म्हणायचे,
मारणारा आपण नुसता निमित्त.
कॉलेजात हेच मला दोन तास शिकवलं,
फळ्यावर षटकोन काढून.

खाण संपली की आम्ही पालं उचलायचो.
भांडी घ्यायची, घण घ्यायचे, आईचा पाटा घ्यायचा.
चुलीचे तीन दगड तेवढे तिथेच राहायचे,
काजळलेले, कधी कधी अजून कोमट.
पुढच्या मुक्कामी दगडांना काय तोटा.

तर कारण असं लिही, भैरवी.
हा सगळा देश तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होता,
उत्तरेला निघालेला, कुठेच न पोचलेला,
आणि जाता जाता एका चुलीवरून गेला.
मुंबई नव्हती. समुद्र असा इथे नव्हता.
बेट व्हायलाही पुष्कळ अवकाश होता.
चूल खोल होती, ती हलली नाही. आपण सरकलो.
ती अजून तिथेच आहे म्हणतात,
आफ्रिकेच्या अंगाला, रियुनियन नावाच्या लहानशा बेटाखाली.
अधूनमधून उतू जाते.
रस्त्यावर लाव्हा येतो,
लोक थांबतात, निवू देतात, पुन्हा रस्ता बांधतात.
तुझ्या प्रश्नातलं बेट ते.
आपलं मागे राहिलेलं बिऱ्हाड.

परिणाम मात्र मला नीट मांडता येत नाहीत.
आईचा पाटा, दर दिवाळीला टाकी लावून घेतलेला.
त्यावरच्या लसणीचा वास, जो मिक्सरला येत नाही.
बाबांचा एक्स-रे:
छातीत दगडाची भुकटी, पांढऱ्या ठिपक्यांनी,
डॉक्टर उजेडाकडे धरून म्हणाले, काय काम करता?
बाबा म्हणाले, आता काही नाही.
माझं आडनाव ऐकल्यावर
समोरच्याच्या बोलण्यात पडणारा तो बारीकसा खंड.
माझा पगार.
बेडूक.

भैरवीने यातली चूल घेतली, बाकी गाळलं.
बाईंनी पाचपैकी तीन दिले
आणि लाल शाईत विचारलं, कोणाची चूल?

पेटी बंद करताना झाकणावर बाण काढावा लागतो,
वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून.
वर म्हणजे नंतर, खाली म्हणजे आधी.
मी बाण काढते. नंबर टाकते. सतरा.
तिकडे यंत्र पुन्हा सुरू झालंय,
पत्र्यावरचा माझा चहा थरथरतोय,
आणि रघू ओरडतो, मॅडम, तेहतीस लागला,
परत काळाच आहे.