खप

रात्री पावणेतीनला ट्रक येतो, गठ्ठे टाकून जातो.
निळ्या पट्टीतले स्वीडिश, पांढऱ्या पट्टीतले फिनिश.
मी एकाच कात्रीनं दोन्ही कापते,
स्लेजवर शेजारी शेजारी रचते.
शाई अजून ओली असते. बातम्या गारठलेल्या.

गावाला नावं दोन: पाटीवर वर कोक्कोला, खाली कार्लेबी.
माझ्या यादीत नावं नाहीत, नुसते दरवाजे.
जिना अ, दुसरा मजला, डावीकडे फिनिश,
उजवीकडे स्वीडिश, कुत्रा.
कुत्रा दोन्ही भाषांत भुंकतो.

मी लागले तेव्हा निळे एकसष्ट होते,
आता चौतीस. पांढऱ्यांनीही काही बाळसं धरलेलं नाही.
ऑफिसातला पोरगा, येस्से, तक्ता दाखवतो:
खप घसरतोय.
घसरेल नाहीतर काय. माणसंच खपताहेत.

चौदा नंबरला एकाच फटीतून दोन टाकायचे,
एक ताइस्तोचा, एक गुनवोरचा.
पन्नास वर्षं एक टेबल, एक किटली,
दोन भाषांत छापलेलं एकच हवामान.
त्याचा तिला कळायचा नाही,
तिचा त्याला खपायचा नाही.

फेब्रुवारीत तो गेला.
चौकटीतलं त्याचं नाव मी तिच्याआधी वाचलं,
जिन्यातल्या दिव्याखाली, दोन्ही अंकांत.
निळ्यात एक ओळ जास्त होती.
मला स्वीडिश अर्धंमुर्धं येतं;
ओळ लागेपर्यंत दिवा आपोआप विझला.

वाटलं, यादीत काट येईल. आली नाही.
येस्से म्हणाला, बाईनंच वर्षाचे भरलेत,
आपल्याला काय, आकड्यात मेलेला वाचकही वाचकच.

मार्चभर पेपर सरकवला की आतून ओढला जायचा,
निळा अलगद,
पांढरा हिसका देऊन.
एकदा फटीतूनच आवाज आला:
त्याच्यावर बटाटे सोलते.
बरं, म्हटलं.

मे महिन्यात स्लेज गेली, सायकल आली.
रविवारी पहाटे, म्हणजे उजाडलंच होतं केव्हाचं,
रद्दीच्या पेटीवर एक पांढरा अंक,
शब्दकोड्याचं पान वर.
सालाचा एकही डाग नाही.
पेन्सिलीनं आठ शब्द, खोडून पुन्हा लिहिलेले.
आडवा तेरावा: वारा. चौकटी पाच.
तिनं चारच भरल्या होत्या. आग लिहिली होती.
आमच्यात दोघांत एका स्वराचंच अंतर,
जरा लांबवायचा, बस.
शेवटची चौकट कोरी.

माझ्या खिशात पेन्सिल असते, यादीसाठी.
काढली.
परत ठेवली.

उत्तरं पुढच्या अंकात असतात.
सोमवारी आता पेपर निघत नाही.

मंगळवारी चौदा नंबरला जरा थांबले.
पांढरा आधी दिला.